चढणीचे मासे आणि धरणाचे दरवाजे

त्र्यंबकेश्वर - मृग नक्षत्र लागते, ब्रह्मगिरीच्या माथ्यावर ढग उतरतात आणि डोंगराच्या कुशीतील ओढ्यानाल्यांना पहिले गढूळ पाणी येते. या पाण्याची वाट शेतकऱ्याइतक्याच आतुरतेने नदीतील मासेही पाहत असतात. उन्हाळाभर डोहांमध्ये तग धरून राहिलेले मासे पाण्याचा रंग, वेग आणि थंडावा बदलताच प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात, तर कोकणात या हंगामाला 'वलगण' असे नाव आहे. हे मासे पकडण्यासाठी लोक कंदील, जाळी आणि टोपल्या घेऊन रात्री ओढ्यावर जातात. मात्र चढणीचा मासा अन्नाच्या शोधात निघालेला नसतो. त्याच्या पोटात अंडी असतात आणि ती घालण्यासाठी त्याला उथळ, खळाळते, गोटेवाळूच्या तळाचे पाणी हवे असते.

नेमक्या याच दिवसांत धरणांचे काम याच्या उलट असते. मेअखेरीस रिकामे झालेले जलाशय भरून घेणे हे पाटबंधारे यंत्रणेचे जूनमधील पहिले कर्तव्य. त्यामुळे डोंगरात पूर आला, तरी धरणाच्या खालच्या नदीला त्याची वार्ता पोहोचत नाही. मासे तयार असतात, ऋतू आलेला असतो, पण पाणी आलेले नसते. गोदावरीच्या उगमाकडील भागात स्थानिक माशांपुढे आज जो प्रश्न उभा आहे, त्याचा मोठा भाग या चुकामुकीत आहे. नदीला वर्षभरात एकूण किती पाणी मिळते, यापेक्षा ते केव्हा आणि कसे मिळते, हे माशांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरते.

उगमापासून चौथ्या भिंतीपर्यंत

ब्रह्मगिरीवरील गंगाद्वार आणि गावातील कुशावर्त ही गोदावरीची सर्वपरिचित स्थाने. पुढे त्र्यंबक गावात ही नदी काही अंतर सिमेंटच्या स्लॅबखालून वाहते, हे भाविकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. बेझे गावाच्या परिसरात चक्रतीर्थापाशी ती पुन्हा नदीसारखी दिसू लागते आणि त्याच परिसरात गौतमी गोदावरी धरण तिला अडवते. शेजारच्या खोऱ्यात काश्यपी धरण आहे. या दोन्हींचे पाणी १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणात येते. आळंदी धरण जमेस धरले, की 'गंगापूर धरण समूह' पूर्ण होतो. नाशिककरांना वर्तमानपत्रांतून पाठ झालेले त्यांचे आकडे असे आहेत : गंगापूर ५६३०, गौतमी गोदावरी १८६८, काश्यपी १८५२ आणि आळंदी ८१६ दशलक्ष घनफूट, म्हणजेच एकूण १०,१६६ दलघफू. नाशिक शहराची तहान, उद्योगांची गरज आणि कालव्यांची आवर्तने यांवर अवलंबून आहेत.

दक्षिणेकडे दारणा नदीवर १९१६ मध्ये बांधलेले दारणा धरण आहे. त्याचे पाणी नदीच्या पात्रातूनच नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून कालव्यांमध्ये वळते. म्हणजे या पट्ट्यात नदी हाच कालवा आहे. त्याहून पुढे पैठणचा नाथसागर. उगमापासून निघालेला गोदावरीचा थेंब मराठवाड्यात पोहोचेपर्यंत गौतमी गोदावरी, गंगापूर, नांदूर मध्यमेश्वर आणि पैठण अशा चार मोठ्या भिंती ओलांडतो. मधले लहान बंधारे वेगळेच. थेंब या भिंतींवरून खाली उतरू शकतो, पण माशाला त्या चढून वर जाता येत नाही.

नावे मराठी, ओळख परकी

या नद्यांमध्ये कोणते मासे होते, याची पहिली पद्धतशीर नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करताना त्याने भीमा खोऱ्यातील मासेही अभ्यासले आणि १८३९ च्या सुमारास त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. गंमत अशी की, कोळ्यांच्या तोंडून ऐकलेली स्थानिक नावेच त्याने शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, कोलुस, मुल्ल्या, नुक्ता, बोगट ही आज जगभरच्या ग्रंथांत लॅटिन थाटात छापली जाणारी नावे मुळात मावळच्या नदीकाठची आहेत. यातील खुद्री म्हणजे आपला खडशी, अर्थात दख्खनचा महसीर. नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुक्ता आता संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे.

नाशिकच्या वाट्यालाही असा एक मासा आला आहे आणि तो तर केवळ नाशिकचाच. देवळालीजवळच्या दारणा नदीतून मिळालेल्या नमुन्यांवरून सुंदरलाल होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये 'पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी' या माशाचे वर्णन केले. इंग्रजीत तो 'देवळाली मिन्नो' म्हणून ओळखला जातो. जेमतेम बोटाएवढा आणि वेगवान, स्वच्छ पाण्यात दगडांना बिलगून राहणारा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे. वाघ या यादीत त्याहून सौम्य वर्गात मोडतो! नांदूर मध्यमेश्वरला जानेवारी २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्या नोंदीत पक्ष्यांबरोबर या माशाचाही उल्लेख झाला. वर्तमानपत्रांतील मथळे मात्र पक्ष्यांना मिळाले.

याशिवाय मरळ, वांब, शिवडा, शेंगाळा, मळ्या हे मासे नाशिककरांच्या परिचयाचे. यांपैकी मरळीसारखे काही संथ पाण्यातही निभावून नेतात. मळ्या, खडशी, देवळालीचा मासा यांना मात्र वाहते पाणी लागते. धरणांच्या साठ्यात आणि बंधाऱ्यांच्या फुगवट्यात जे मासे आज भरभराटीला आले आहेत, त्यांत चिलापीसारखे परदेशातून आलेले आणि कटला, रोहू यांसारखे मत्स्यबीज आणून सोडलेलेच ठळकपणे दिसतात. साठलेले पाणी त्यांना मानवते. या माशांवर धरणकाठच्या अनेक मच्छिमार सहकारी संस्था चालतात, त्यामुळे त्यांना सरसकट शत्रू ठरविण्यात अर्थ नाही. मात्र जलाशयातील मासळीचे उत्पादन वाढले, म्हणून नदीतील मासे सुखरूप आहेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

दरवाजा उघडण्यापेक्षा बंद होताना

धरणाचे दरवाजे कोणाच्या लहरीवर उघडत नाहीत. प्रत्येक मोठ्या धरणासाठी 'जलाशय परिचालन सूची' असते. जून ते ऑक्टोबर या काळात कोणत्या तारखेला साठा किती असावा, हे त्यात ठरलेले असते. धरण शंभर टक्के भरलेले नसतानाही पाणी का सोडले, असा प्रश्न नाशिकमध्ये दर पावसाळ्यात विचारला जातो. त्याचे उत्तर या सूचीत आहे. पुढे येणाऱ्या पुरासाठी जागा मोकळी ठेवावी लागते. ऑगस्ट २०१६ मध्ये रामकुंड परिसर पाण्याखाली गेला आणि दुतोंड्या मारुती बुडू लागला, तेव्हा या जागेचे मोल शहराला पुन्हा एकदा कळले होते.

म्हणजे विसर्गाचे वेळापत्रक आहेच. त्यात पिण्याचे पाणी आहे, शेती आहे, पूरनियंत्रण आहे. मासा नाही.

त्याचा परिणाम असा होतो. बहुतेक वर्षी मोठा विसर्ग जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टमध्ये सुरू होतो. तोपर्यंत गंगापूरखालच्या पात्रात येते ते शहरात पडलेल्या पावसाचे पाणी. ते नासर्डी, वाघाडी आणि लहानमोठ्या नाल्यांची घाण घेऊन येते आणि काही तासांत ओसरते. मग एकदम हजारो क्युसेक पाणी सुटते. हा लोंढा मोठ्या माशांना सोसतो, काठच्या उथळ पाण्यातील पिल्लांना नव्हे. पाऊस उघडला की दरवाजे बंद होतात आणि पात्र काही तासांत खाली जाते.

माशांच्या दृष्टीने सर्वांत घातक क्षण हाच. खडशीची अंडी गोट्यांच्या फटींमध्ये पडतात. ती फुटण्यास साधारण तीन दिवस लागतात आणि नंतरही काही दिवस पिल्ले तळाशीच राहतात, कारण त्यांना धड पोहता येत नसते. अशा वेळी पाणी अचानक ओसरले, तर अंडी कोरडी पडतात आणि पिल्ले डबक्यांत अडकतात. डबक्यातल्या पिल्लांसाठी बगळे असतातच. विसर्ग वाढविताना नदीकाठच्या लोकांना सावध केले जाते, भोंगे वाजतात, 'टप्प्याटप्प्याने वाढ' ही शब्दयोजना तर बातम्यांत नेहमीची झाली आहे. विसर्ग कमी करताना टप्पे पाळण्याचे कारण कोणाला जाणवत नाही, कारण पाणी ओसरल्याने माणसाचे काही बिघडत नाही.

उन्हाळ्यात चित्र उलटे होते. नैसर्गिक नदी एप्रिल-मेमध्ये क्षीण होते आणि मासे डोहांचा आसरा घेतात. दारणेसारख्या नदीत मात्र आवर्तन सुटले की भर उन्हात पात्र दुथडी भरते आणि आवर्तन संपताच रिते होते. शिवाय जलाशयाच्या तळाकडून निघणारे पाणी अनेकदा थंड आणि कमी प्राणवायूचे असते. ऋतू ओळखण्याच्या माशांच्या खुणा अशा रीतीने पुसल्या जातात.

पुटा खाडीचा धडा

हा प्रश्न केवळ नाशिकचा नाही आणि त्याला उत्तर नाही, असेही नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील डेव्हिस शहराजवळून वाहणारी पुटा ही आकाराने आपल्या दारणेहूनही किरकोळ नदी. वरच्या धरणांनी तिचे पाणी कालव्यांना दिले आणि १९८९ च्या दुष्काळात तिचे खालचे पात्र कोरडे पडले. नागरिक, शहर आणि विद्यापीठ न्यायालयात गेले. अखेर २००० मध्ये पाणीवाटप करणाऱ्या यंत्रणेशी समझोता झाला. त्यातील एक अट विलक्षण नेमकी आहे. दरवर्षी १५ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात, म्हणजे तेथील स्थानिक माशांच्या विणीच्या हंगामात, सलग तीन दिवस विसर्ग सोडायचा. पहिल्या दिवशी १५० क्युसेक, दुसऱ्या दिवशी १००, तिसऱ्या दिवशी ८० आणि त्यानंतर महिनाभर ५० क्युसेकचा प्रवाह राखायचा.

नाशिककरांच्या कानाला हे आकडे हास्यास्पद वाटतील, इतके लहान आहेत. तरीही २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धरणाखालच्या वीस किलोमीटरहून अधिक लांबीच्या पात्रात परक्या माशांना मागे सारून स्थानिक मासे पुन्हा बहुसंख्य झाल्याचे आढळले. त्यासाठी नदीला दिलेल्या एकूण वार्षिक पाण्यात किरकोळच वाढ करावी लागली. बदल झाला तो वेळापत्रकात.

कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅनियन या महाकाय धरणात २०२४ च्या उन्हाळ्यात याची दुसरी बाजू दिसली. 'हम्पबॅक चब' या स्थानिक माशाला गिळंकृत करणाऱ्या परक्या बास माशाची वीण रोखण्यासाठी तेथे जलाशयाच्या खोल थरातील थंड पाणी वीजनिर्मितीला वळसा घालून नदीत सोडण्यात आले. विजेचे नुकसान सोसून माशासाठी पाणी सोडण्याचा हा निर्णय तेथेही वादाचा ठरला. भारतातही या विचाराला कायद्याचा आधार मिळाला आहे, पण तो गंगेपुरता. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार हरिद्वारच्या वरच्या भागात नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे महिन्यांत २५ टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के प्रवाह नदीत राखणे बंधनकारक करण्यात आले. दक्षिणगंगा म्हणवणाऱ्या गोदावरीसाठी अशी अधिसूचना निघालेली नाही.

हिशेब मांडला तर

एक क्युसेक पाणी दिवसभर वाहिले, तर ८६,४०० घनफूट होते. समजा, पहिल्या मोठ्या पावसानंतर गंगापूरमधून चार दिवस ५०० क्युसेक पाणी सोडले आणि पुढील चार दिवसांत ते ४००, ३००, २००, १०० असे उतरवत नेले. या आठ दिवसांत सुमारे २५९ दलघफू पाणी लागेल. गंगापूर धरणाच्या क्षमतेच्या हे पाच टक्क्यांहून कमी आणि संपूर्ण समूहाच्या जेमतेम अडीच टक्के आहे. हा आकडा केवळ कल्पना यावी म्हणून. योग्य विसर्ग किती, हे नदीचे काटछेद आणि माशांची पाहणी केल्यावरच ठरेल. त्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही, कारण राज्याची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सर्वपरिचित 'मेरी', नाशिकमध्येच आहे.

शिवाय हे पाणी वाया जात नाही. ते नांदूर मध्यमेश्वरमार्गे जायकवाडीकडेच जाते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र घालून दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. त्यानुसार २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडले गेले. २०२३ मधील आदेश सुमारे ८.६ टीएमसीचा, म्हणजे ८,६०० दलघफूचा होता. यावर आंदोलने झाली, न्यायालयीन लढाया झाल्या, दोन प्रदेशांत कटुता आली. हे पाणी नोव्हेंबरमध्ये सुटले. माशांच्या विणीचा हंगाम तेव्हा सरलेला असतो. त्यातील अल्पसा वाटा जुलैमध्येच सुटला असता, तर मराठवाड्याचे काही कमी झाले नसते आणि नदीला तिचा पूर मिळाला असता.

यावरचा आक्षेप रास्त आहे. जुलैमध्ये पुढचा पाऊस कसा असेल, हे कोणालाच ठाऊक नसते. शहरात पाणीकपात सुरू असताना माशांसाठी पाणी सोडण्याचा आदेश देण्याचे धाडस कोणता अधिकारी करील? अवर्षणाच्या वर्षी ते करूही नये. म्हणूनच अटीवर आधारलेला नियम अधिक व्यवहार्य ठरतो. साठा ठरावीक पातळीच्या वर गेला आणि पाणलोटात पूर येत असेल, तरच त्या पुराचा लहानसा हिस्सा अडवून न ठेवता पुढे जाऊ द्यायचा. आणि कोणत्याही कारणाने सोडलेला विसर्ग बंद करताना तो पायरीपायरीने उतरवायचा. ही दुसरी गोष्ट तर जवळजवळ फुकट आहे. पुराचे पाणी तसेही सोडायचेच असते, केवळ दरवाजे खाली घेण्यास एकाऐवजी तीन दिवस घ्यावे लागतील.

पाण्याची वेळ साधली, म्हणजे सगळे साधले असेही नाही. रामकुंडापासून तपोवनापर्यंत काँक्रीटने बांधलेल्या पात्रात आणि त्यापुढच्या सांडपाण्यात कितीही नेमका विसर्ग सोडला, तरी खडशी अंडी घालणार नाही. तेथील प्रश्न मलनिस्सारणाचा आहे. परंतु गंगापूर धरण ते सोमेश्वर हा शहराच्या वरचा पट्टा आणि दारणा धरणाखालचा देवळालीकडील भाग यांना अजून दगडगोट्यांचा तळ आहे. सुरुवात करायची, तर येथूनच.

बीज सोडून भागेल का?

माशांची पिल्ले तयार करून नदीत सोडावीत, हा सोपा उपाय नेहमी सुचविला जातो. महाराष्ट्राला त्याचा अनुभव आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज प्रकल्पाने १९७० च्या दशकापासून महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. देशभरातील नद्यांना तेथून पिल्ले गेली. त्यातील काही कावेरीत सोडण्यात आली. तेथे मात्र आपला खडशी इतका फोफावला, की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर आज अतिसंकटग्रस्त वर्गात जाऊन बसला असून, त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत अभ्यासक या पाहुण्यालाही धरतात. एका नदीचा रहिवासी दुसऱ्या नदीत उपरा ठरतो. आणि ज्या नदीत वीण होण्यासारखे पाणीच नाही, तेथे दरवर्षी पिल्ले सोडणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

ब्रह्मगिरीच्या पलीकडे पाहिले, तर श्रद्धेने राखलेल्या माशांचेही उदाहरण आहे. त्र्यंबकच्या डोंगरांतूनच पश्चिमेला वैतरणा उगम पावते. वाडा तालुक्यात तिळसे येथे शिवमंदिरापाशी तिच्या डोहातील महसीर भाविकांनी पिढ्यान् पिढ्या राखले आहेत. कोणी त्यांना जाळे लावत नाही. पण त्याच वैतरणेवर वर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर ही धरणे आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईची तहान भागवते. डोहात पाणी किती राहणार, ते वरच्या दरवाजांवर ठरते.

सिंहस्थासाठी गंगापूरमधून पाणी सोडण्याचा मुद्दा २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा शाही स्नानाच्या पर्वण्या आहेत. त्या दिवशी रामकुंडात पाणी किती असावे, ते किती तास आधी सोडावे, धरणातून तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो, याचे तपशीलवार नियोजन पाटबंधारे विभागाला करावे लागते. तारखेबरहुकूम नदी वाहती ठेवण्याचे तंत्र आपल्याकडे आहे, हे यातून दिसते. त्याच वर्षीच्या परिचालन सूचीत दारणेच्या विसर्गासाठी दोन ओळी वाढविता येतील : जूनअखेरच्या पहिल्या पुराचा काही भाग पुढे सोडावा आणि दरवाजे तीन दिवसांत उतरवावेत. देवळालीच्या त्या बोटभर माशाला याहून अधिक काही लागणार आहे का, ते त्यानंतरच्या पाहणीत कळेल.